ऊब

न्यूयॉर्कमधल्या एका अरुंद गल्लीत एक शिंपी राहत होता. पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या, एवढाच त्याचा पसारा. मुलं मोठी होऊन पोटापाण्यासाठी लांब गेली होती, त्यामुळे घरात तो आणि त्याची बायको अशी दोघंच होती. शिंप्याचा हात चांगला होता आणि व्यवहार चोख होता. घेतलेल्या पैशाचं काम तो मोजून द्यायचा आणि दिलेल्या पैशाचा मोबदला मोजून घ्यायचा. त्याच्याकडे कोणाची बाकी नसे, कोणाकडे त्याची नसे.

बायकोची एक जुनी हौस होती. एका इटालियन गिऱ्हाइकानं कधीतरी तिला नेपल्सचं चित्र असलेलं कार्ड दिलं होतं. निळी खाडी आणि मागे धुराचा तुरा मिरवणारा डोंगर. ती म्हणायची, "अहो, एकदा हे डोळ्यांनी पाहायचंय." तो म्हणायचा, "पाहू." असं म्हणत तीस वर्षं गेली. पण त्यानं ते मनावर घेतलं होतं. दर आठवड्याला थोडे पैसे बाजूला पडत होते. अखेर एका हिवाळ्यात त्यानं ते मोजले, पुन्हा मोजले, आणि दोन तिकिटं काढून आणली.

त्याच हिवाळ्यात दुकान बंद केल्यावर रात्री रात्री बसून त्यानं तिच्यासाठी एक कोट शिवला. राखाडी लोकरीचा, आतून रेशमी अस्तर, शिंगाची सहा बटणं. आयुष्यभर त्यानं लोकांच्या बायकांचे कोट शिवले होते, आपल्या बायकोचा हा पहिलाच. तिनं तो अंगात घातला तेव्हा तो दोन पावलं मागे सरून नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "नेपल्समध्ये उतरशील तेव्हा घाल. तोवर नुसता टांगून ठेव."

11 एप्रिल 1912 रोजी ती दोघं कार्पेथिया नावाच्या जहाजावर चढली. जहाज काही फार मोठं किंवा दिमाखदार नव्हतं. एकच उंच धुराडं आणि सरळसाधी बांधणी. जिब्राल्टर, जिनोआ, नेपल्स, ट्रिएस्ट करत ते फ्यूमेला जाणार होतं. कोणी हवापालटाला निघालं होतं, कोणी नवं लग्न झालेलं होतं. खालच्या वर्गात बरीच माणसं अमेरिकेत राबून आपल्या गावी परतणारी होती.

शिंप्याला त्यांची खोली पसंत पडली. खोली लहानशी होती, पण वाफेच्या नळीमुळे छान उबदार राहायची. रात्री झोपण्यापूर्वी तो नळीला हात लावून बघायचा. नळी गरम लागली की म्हणायचा, "चला, पैसे वसूल." नळीशेजारच्या खुंटीला नवा कोट टांगलेला होता.

14 एप्रिलला रविवार होता. संध्याकाळपासून हवा एकदम बोचरी झाली. समुद्र मात्र शांत होता. ती दोघं लवकर झोपली.

जहाजावर बिनतारी यंत्र चालवणारा एकच पोरगा होता, जेमतेम एकवीस वर्षांचा. मध्यरात्र उलटली होती. त्याचं काम संपलं होतं आणि तो झोपायच्या तयारीत होता, पण कानावरचं यंत्र त्यानं अजून उतरवलं नव्हतं. त्या रात्री टायटॅनिक नावाचं नवंकोरं प्रचंड जहाज त्याच समुद्रातून न्यूयॉर्ककडे येत होतं. त्या जहाजासाठी किनाऱ्यावरून बरेच निरोप साठले आहेत, एवढं सांगावं म्हणून पोरानं त्याला सहज हाक दिली. उत्तर आलं, "ताबडतोब या. आम्ही हिमनगावर आदळलोय."

पोरगा धावत निघाला आणि थेट कप्तानाच्या खोलीत शिरला. कप्तान आर्थर रॉस्ट्रन अंथरुणावर पडला होता. त्यानं ऐकलं आणि आधी जहाज वळवण्याचा हुकूम दिला. मग पोराला विचारलं, "खात्री आहे ना तुझी?"

टायटॅनिक 58 सागरी मैलांवर होतं. कार्पेथियाचा नेहमीचा वेग ताशी 14 सागरी मैल. त्या वेगानं पोचायला चार तासांवर वेळ लागला असता. कप्तानानं झोपलेल्या भट्टीवाल्यांनाही उठवलं. ज्यांची पाळी नव्हती तेही फावडी घेऊन कोळसा ओढू लागले. मग त्यानं आणखी एक हुकूम सोडला. खोल्यांना ऊब देणारी वाफ बंद करा, गरम पाणी बंद करा. असेल तेवढी सगळी वाफ इंजिनाला द्या.

प्रवाशांना कोणी काही विचारलं नाही. विचारायला वेळ नव्हता.

एकच्या सुमाराला शिंपी थंडीनं जागा झाला. नाक गारठलं होतं. टेबलावरचा काचेचा पेला एकसारखा थरथरत होता आणि पलंगाच्या फळ्या कुरकुरत होत्या. त्यानं अंधारात हात लांब करून नळी चाचपली. नळी बर्फासारखी गार होती.

त्यानं दार उघडलं. बाहेर एक नोकर घोंगड्यांचा ढीग छातीशी धरून पळत चालला होता.

"अहो, ऊब का बंद केलीत?" शिंप्यानं विचारलं.

"सगळं ठीक आहे. खोलीतच थांबा," एवढं बोलून तो पुढे गेला.

शिंप्याचं डोकं तापलं. त्यानं दिवा लावला, कागद-पेन्सिल घेतली आणि तक्रार लिहायला बसला. "रात्री एक वाजल्यापासून खोलीत ऊब नाही. गरम पाणी नाही. विचारलं तर धड उत्तर नाही. आम्ही तिकिटाचे पूर्ण पैसे भरले आहेत. भाड्यातला योग्य तो भाग परत मिळावा." खाली त्यानं खोलीचा नंबर घातला.

बायको पांघरुणातून म्हणाली, "घोंगड्या घेऊन पळत होता म्हणालात ना? कोणासाठी नेत असेल?"

"आपल्यासाठी तर नाही," शिंपी म्हणाला. त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली.

कोटाकडे तिची नजर गेली. तिनं तो खुंटीवरून काढला आणि अंगावर घेतला. नेपल्स यायचं होतं, पण थंडी आधी आली होती.

चारच्या सुमाराला इंजिन थांबलं. दोघंही उठून वर गेली.

उजाडू लागलं तसं चहूकडे बर्फ दिसू लागला. काही हिमनग जहाजाहून उंच होते. कोवळ्या उन्हात त्यांच्यावर गुलाबी रंग चढला होता. शिंप्याची बायको म्हणाली, "किती सुंदर आहे!" आणि लगेच गप्प झाली, कारण त्या बर्फातून लहान लहान होड्या येत होत्या. टायटॅनिक कुठेच नव्हतं. दोन वाजून वीस मिनिटांनी ते बुडालं होतं आणि दीड हजार माणसं गेली होती.

होड्या एकेक करून जहाजाला लागत होत्या. ज्यांच्या हातात बळ होतं ती माणसं दोरीच्या शिडीनं वर आली. ज्यांच्या हातात नव्हतं त्यांना दोरात बसवून ओढून घेतलं. तान्ह्या मुलांना पोत्यात घालून वर घेतलं. रेशमी झगा घातलेली एक बाई आली, तिच्या पायात काही नव्हतं. एका बाईनं रात्रीच्या कपड्यांवर नुसता रग गुंडाळला होता. कोणी मोठ्यानं रडत नव्हतं. वर आलेल्या बायका कठड्याशी उभ्या राहत आणि पुढच्या होडीतले चेहरे बघत. होडी रिकामी झाली की त्यापुढच्या होडीकडे बघत.

शिंप्याच्या बायकोपाशी एक तरुण मुलगी येऊन उभी राहिली. तिच्या कडेवर मूल होतं. मुलाला तिनं आपल्या शालीत गुंडाळलं होतं आणि तिचे स्वतःचे दात वाजत होते.

शिंप्याच्या बायकोनं कोटाची बटणं काढायला सुरुवात केली.

शिंपी हळूच म्हणाला, "तो नको. खालून दुसरं काहीतरी आणू."

"दुसरं एवढं उबदार काय आहे आपल्याकडे?"

त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. तिनं कोट त्या मुलीच्या खांद्यावर टाकला आणि बटणं लावून दिली. शिंप्यानं मान फिरवली. मुलीनं कोट बघितलासुद्धा नाही. ती समुद्राकडे बोट दाखवून म्हणाली, "रात्रभर तिकडे एक दिवा दिसत होता. कुठलंतरी जहाज उभं होतं. आम्ही त्याच्याकडे वल्हवत होतो. ते आलंच नाही."

टायटॅनिकच्या जवळपास खरोखरच एक जहाज होतं. कॅलिफोर्नियन. बर्फामुळे ते रात्रभर थांबलं होतं. त्यावरचा बिनतारीवाला यंत्र बंद करून झोपला होता. डेकवरच्या माणसांना आकाशात पांढरे बाण फुटताना दिसले. त्यांनी कप्तानाला तसं कळवलंही. पण बिनतारीवाल्याला उठवून चौकशी सकाळपर्यंत कोणी केली नाही.

साडेआठला शेवटची होडी लागली. सातशेहून थोडी अधिक माणसं वाचली होती. कार्पेथियावर मुळात जवळजवळ तितकेच प्रवासी होते. आता एका जहाजावर दोन जहाजांची माणसं झाली. कप्तानानं ठरवलं की नेपल्स वगैरे राहू दे, न्यूयॉर्कला परत जायचं.

शिंप्याच्या बायकोनं आपली खोली त्या मुलीला आणि आणखी दोघींना दिली. खोलीत पुन्हा वाफ सोडली होती आणि नळी गरम झाली होती. मुलगी नळीला पाठ लावून बसली आणि बसल्या बसल्या झोपली. ती दोघं आपली पिशवी घेऊन जेवणघरात गेली. तिथे टेबलांवर, बाकांवर, जमिनीवर माणसंच माणसं होती.

एका कोपऱ्यात चार-पाच बायका घोंगड्या कापून मुलांसाठी अंगरखे शिवत होत्या. बरीच मुलं रात्रीच्या कपड्यांनिशी आली होती. बायकांच्या मनात माया होती, पण जाड घोंगडी कापणं सोपं नसतं. कात्री अडत होती. एक बाही लांब झाली होती, दुसरी आखूड. शिंपी थोडा वेळ बघत उभा राहिला. मग त्याला राहवेना.

"आणा ती कात्री इकडे," तो म्हणाला.

त्यानं मांडी घातली. मापाला फीत नव्हती म्हणून दोरा घेतला. मूल समोर उभं करायचं, दोऱ्यानं छाती, खांदा, बाही मोजायची आणि आकडा टिपून घ्यायचा. टिपायला कागद हवा होता. त्यानं खिशात हात घातला. घडी केलेला एक कागद हाताला लागला. त्याची मागची बाजू कोरी होती.

दुपारी एक भट्टीवाला जेवणघरात डॉक्टरांना शोधत आला. त्याचे तळवे फोडांनी भरले होते आणि कोळशानं माखलेल्या तोंडात फक्त डोळे पांढरे दिसत होते. डॉक्टर गुंतलेले होते. तो शिंप्याशेजारी टेकला.

"रात्रभर ओढत होतात वाटतं कोळसा?" शिंप्यानं विचारलं.

"साडेतीन तास. असं हे जहाज कधी पळालं नव्हतं. 14 च्या जागी 17 च्या घरात गेलं." मग तो हसला. "नुसत्या कोळशानं नाही झालं ते. तुमच्या खोल्यांची वाफसुद्धा आम्ही इंजिनाला दिली. थंडी वाजली असेल रात्री तुम्हाला."

शिंप्याच्या हातातली सुई थांबली. भट्टीवाल्याला डॉक्टरांनी बोलावलं म्हणून तो उठून गेला. शिंपी बराच वेळ तसाच बसला. मग त्यानं सुईत नवा दोरा ओवला.

रात्री बायकोनं विचारलं, "तुमची ती तक्रार कप्तानाकडे पोचवायची होती ना?"

शिंप्यानं खिशातून कागद काढून तिच्या हातात दिला. मागची बाजू मापांनी भरून गेली होती आणि पुढच्या बाजूलाही, तक्रारीच्या ओळींवरूनच, आकडे चढले होते. काय लिहिलं होतं ते आता वाचता येत नव्हतं. तिनं घडी करून कागद परत दिला. उद्याही मापं घ्यायची होती.

परतीच्या वाटेवर धुकं लागलं, पाऊस लागला. 18 एप्रिलच्या रात्री जहाज न्यूयॉर्कला पोचलं. धक्क्यावर भर पावसात हजारो माणसं उभी होती. उतरताना ती तरुण मुलगी कोटाची बटणं काढू लागली.

"हा तुमचा कोट," ती म्हणाली.

"राहू दे. बाहेर पाऊस आहे," शिंप्याची बायको म्हणाली.

मुलगी घुटमळली. तिनं शिंप्याकडे बघितलं. शिंपी कोटाकडे बघत होता. तो पुढे झाला आणि म्हणाला, "थांब जरा. बाही लांब होतेय तुला."

रांग पुढे सरकत होती. त्यानं सुई-दोरा काढला, तिची एक बाही आत दुमडली, चार टाके घातले, दोरा दातानं तोडला. मग दुसरी बाही. मनगटाशी कापड नीट बसलं की नाही ते त्यानं बोटानं फिरवून पाहिलं.

"आता बरोबर तुझ्या मापाचा झाला," तो म्हणाला.

सामानसुमान भरून कार्पेथिया काही दिवसांत पुन्हा त्याच वाटेनं निघालं. शिंपी आणि त्याची बायको त्यावर पुन्हा चढली. नेपल्सची खाडी तिनं डोळ्यांनी पाहिली. अंगावर जुनीच शाल होती. वाटेत ज्या रात्री थंडी पडली, त्या रात्री शिंप्यानं नळीला हात लावला, पण पैशाबद्दल तो काही बोलला नाही.

पुढे युद्ध आलं. 17 जुलै 1918 रोजी आयर्लंडच्या दक्षिणेला एका जर्मन पाणबुडीनं कार्पेथियावर टॉर्पेडो सोडले. बातमी शिंप्यापर्यंत आली तेव्हा तो दुकानात काज करत बसला होता. त्यानं ती बायकोला वाचून दाखवली.

"आणि माणसं?" तिनं विचारलं.

"पाच गेली. भट्टीवरची माणसं होती ती. बाकी सगळी वाचली. स्नोड्रॉप नावाचं एक लढाऊ जहाज धावून आलं. त्यानं पाणबुडीला पिटाळलं आणि होड्यांतल्या माणसांना उचलून घेतलं."

"बरं झालं कोणीतरी आलं," ती म्हणाली.

गोष्ट एवढीच आहे. शिंपी, त्याची बायको आणि तो कोट कथेतले आहेत. कप्तान, बिनतारीवाला पोरगा, बंद केलेली वाफ आणि 1918 सालची ती पाणबुडी मात्र इतिहासातली आहे. टायटॅनिकनंतर देशोदेशींचे लोक लंडनला जमले आणि 1914 मध्ये समुद्रावरच्या सुरक्षिततेचा करार झाला. जहाजावर बिनतारीच्या कानाशी कोणीतरी सतत जागं असावं, हे त्यानंतर नियमात आलं. माणसाला जागं ठेवण्याचं काम नियम करू शकतो. पुढचं काम माणसानं स्वतः करायचं असतं.

बुडणाऱ्याला वाचवायला लागणारी ऊब आकाशातून येत नाही. ती कोणाच्या तरी चालत्या घरातून, ठरलेल्या सुट्टीतून, पैसे भरून घेतलेल्या खोलीतून काढून द्यावी लागते. आपण वाचतो तेव्हा ती कोणाच्या खोलीतून आली हे आपल्याला कळत नाही, आणि आपली खोली गार पडते तेव्हा ती कोणाकडे गेली हे आपण विचारत नाही. रुग्णवाहिकेसाठी आपली गाडी थांबते, कोणाच्या अडचणीपायी आपला ठरलेला बेत मोडतो, तेव्हा आपणही खिशातून तक्रारीचा कागद काढतो. तो जरूर लिहावा. फक्त लिहिण्याआधी शिंप्याच्या बायकोनं विचारलेला प्रश्न विचारावा, की एवढ्या घोंगड्या कोणासाठी चालल्या आहेत. उत्तर मिळालं तर त्याच कागदाची मागची बाजू कामाला येते.